गाडीतला गारवा गेला, तर?



मुंबई-अहमदाबाद महामार्गावर, गुजरातच्या वेशीला टेकलेले आपले अच्छाड. वैशाखात इथला डांबरी रस्ता तव्यासारखा तापतो. म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यात न्यायचे, तर गाडीतला एसी ही चैन राहत नाही. मध्यम व अवजड मालट्रकांच्या केबिनलाही १ ऑक्टोबर २०२५ पासून, नव्या गाड्यांपुरता, तो सक्तीचा झाला आहे.

मग एके दिवशी गारवा येईनासा होतो. कोणी म्हणतो, "कॉम्प्रेसर गेला," आणि खर्चाचा आकडा ऐकूनच घाम फुटतो. पण थांबा. आधी रोग ओळखा.

फवारणीचा पंप औषधाला दाब देतो, तसा कॉम्प्रेसर गॅसला देतो. दाबलेला, तापलेला गॅस पुढच्या जाळीत निवून पातळ होतो. पुढे दाब सुटला की त्याची वाफ होते आणि ती आतल्या हवेची उष्णता ओढून घेते. माठातले पाणी याच न्यायाने गार होते.

इंजिन व एसी चालू करून, हात व पदर दूर ठेवून, कॉम्प्रेसरच्या पुलीकडे पाहा. पुढची तबकडी पुलीबरोबर फिरत नसेल, तर आधी फ्यूज व रिले तपासा. गॅस गळून कमी झाला, तरी बऱ्याच गाड्यांत तबकडी मुद्दाम अडवलेली असते. सांध्यावर तेलकट धूळ दिसली, तर गळती तिथेच समजावी. तबकडी फिरते, पण आत खडखड होते, तर मात्र कॉम्प्रेसर गेला.

आता सर्वांत महत्त्वाचे. नळ्या स्वतः सोडू नका! हा गॅस उणे २६ अंशांवर उकळतो. डोळ्यात उडाला तर दृष्टी जाऊ शकते. हवेत सोडला, तर कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४०० पट उष्णता धरतो. मशीन असलेल्या गॅरेजात तो काढून घ्यावा. नारिंगी जाड तारांच्या विजेवरच्या गाडीला तर घरी हातच लावू नये.

गॅस निघाल्यावर घरचे काम सोपे आहे. बॅटरीची ऋण तार काढा. पट्टा कसा फिरतो त्याचे चित्र कागदावर काढून मगच तो सैल करा. नळ्या सुटताच तोंडे प्लॅस्टिकने घट्ट बांधा, कारण आतले तेल हवेतला ओलावा शोषते. जुन्या कॉम्प्रेसरमधले तेल मापाच्या बाटलीत ओता. नव्यात किती तेल ठेवायचे, हे ते माप व सोबतचे पत्रक पाहून ठरवा. जुने तेल काळे व चमकीच्या चुऱ्याचे निघाले, तर चुरा जाळीतही गेला असे समजा. ती न बदलता नवा कॉम्प्रेसर बसवणे म्हणजे कीड लागलेल्या कणगीत नवे भात भरणे.

रबरी कड्या नव्या घाला, त्यांना तेच तेल लावा. ओलावा टिपणारा ड्रायरही बदला. पुढची तबकडी हाताने दहा-बारा वेळा फिरवा. मग पुन्हा गॅरेज गाठा. अर्धा तास तरी व्हॅक्यूम ओढून, तो टिकतो हे पाहून, बॉनेटखालच्या पट्टीवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस भरून घ्या. अंदाजाने नव्हे, काट्यावर.

मजुरी थोडी वाचेल. पण खरी बचत चांगला कॉम्प्रेसर फुकट न बदलण्यात आहे. म्हणून पाना उचलण्याआधी फ्यूज पाहा.