वेळापत्रक कोणाचे?

श्रावणातली गोष्ट. रात्री दोनच्या सुमारास न्हाणीघराकडून धप्प असा आवाज आला. धावत जाऊन पाहतो तो माई, म्हणजे माझ्या सासूबाई, भिंतीला टेकून खाली बसलेल्या! वय ब्याऐंशी. नशिबाने हाड मोडले नाही. मनगट मुरगळले आणि कपाळाला टेंगूळ आले, एवढ्यावर निभावले. "काही नाही गं, पाय सरकला," म्हणून उलट त्याच आमची समजूत घालीत होत्या.

दुसऱ्या दिवशी मी कंबर कसली. मोठ्या कागदावर माईंचे वेळापत्रक आखले आणि फ्रिजवर लावून टाकले. सहाला चहा, सातला स्नान, साडेआठला न्याहारी, एकला जेवण. गोळ्या मात्र पूर्वीपासून चालत आल्या होत्या तशाच, म्हणजे सगळ्या रात्री जेवणानंतर. मी कचेरीतून साडेसातला परतते, तेव्हा आपल्या हातानेच एकदम दिलेल्या बऱ्या, हा माझा हिशेब. आणि स्वयंपाकघरात त्यांना पूर्ण बंदी! "माई, तुम्ही आता नुसत्या बसा. खूप केलंत आजवर."

तो कागद मी मोठ्या ऐटीत डॉक्टरांना दाखवला. शाबासकीची अपेक्षा होती. ते म्हणाले, "लघवी होण्याची गोळी रात्री का देता? त्या रात्रभर उठणार नाहीत तर काय!"

वाचकहो, माझा चेहरा खर्रकन उतरला. माई पडल्या त्या पाय सरकून खऱ्या; पण दोन वाजता त्यांना उठवले होते माझ्या सोयीने!

गोळी सकाळवर गेली. आणखीही चार गोष्टी डॉक्टरांनी सांगितल्या. झोपेतून एकदम उभे राहू नये, कारण उतारवयात अशा वेळी रक्तदाब झटकन उतरून घेरी येते. पलंगाच्या कडेला मिनिट-दोन मिनिटे बसून मगच उठावे. वय वाढले की तहान कळेनाशी होते, म्हणून मागण्याची वाट न पाहता दिवसा थोडेथोडे पाणी पुढे करावे, आणि संध्याकाळनंतर बेताने. (हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर पाण्याचे प्रमाण आपल्या डॉक्टरांनाच विचारावे.) रात्री वाटेवर मंद दिवा ठेवावा. न्हाणीघरात न घसरणारे पायपुसणे आणि भिंतीला पक्की दांडी हवी.

एवढे सगळे झाले, तरी माई सुकत चालल्या. बोलणे कमी, पोळी अर्धीच. एके दिवशी मी वैतागून बोलून गेले, "माई, वेळेवर ताट वाढते, तरी जेवत का नाही तुम्ही?"

त्या शांतपणे म्हणाल्या, "अगं, भूक लागायला आधी काहीतरी केलेलं असावं लागतं."

त्या रात्री मला झोप आली नाही.

पुढच्या रविवारी जुना कागद काढला, कोरा घेतला आणि म्हटले, "माई, तुमचा दिवस तुम्ही सांगा, मी लिहिते." काय काय निघाले त्यातून! त्यांना पाचलाच जाग येते आणि सहापर्यंत त्या चहाची वाट पाहतात. सकाळी सातला गुडघे आखडलेले असतात. दहाला ऊन आले की मोकळे होतात, तेव्हा स्नान बरे. भाजी निवडणे, देवाची फुले आणि वाती ही कामे त्यांनी मागून घेतली. दुपारी चारला सांगलीच्या बहिणीला फोन ठरला. मी दोनच गोष्टींवर अडून बसले. गोळ्या सात खणांच्या डबीतून मीच देणार, आणि दांडी धरल्याशिवाय न्हाणीघरात पाऊल नाही. "म्हातारपणाची खूण ती!" म्हणून कुरकुरल्या, पण कबूल झाल्या.

त्याच कागदावर एक ओळ आमच्या ह्यांच्याही नावावर पडली. रविवारची सकाळ माईंचे सगळे त्यांनी पाहायचे आणि ते तीन तास माझे. आपल्याकडे सासूची सेवा म्हणजे सुनेचे काम, असे सगळे धरून चालतात. पण माई यांची आई आहे, हे घरात एकदा मोठ्याने बोलावे लागते. करणारे माणूस थकले की आवाज चढतो, आणि तो नेमका म्हाताऱ्या माणसावर चढतो. हे मी स्वतःवरूनच सांगते.

तुमच्याही घरी अशी कोणी माई किंवा आण्णा असतील, तर या दिवाळीत जरा शेजारी बसा आणि विचारा, "तुमचा दिवस कसा जावा असं वाटतं?" कागद मागाहून घ्या.

आमच्याकडे परवा चकलीची भाजणी भाजायला घेतली. माई खुर्चीत बसून नुसत्या वासावरून "आता उतरव" म्हणून सांगत होत्या, आणि त्या दिवशी दोन पोळ्या जेवल्या. फ्रिजवरच्या कागदावर काल त्यांच्या अक्षरात एक नवी ओळ दिसली: 'शनिवारी दुपारी सूनबाईने तासभर झोपावे.'