तीस जणांचा वर्ग

२ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा एका केंद्रात सुमारे ३० प्रौढ असे प्रमाण धरले होते. हिशेबाला ते सोयीचे होते, शिकणाऱ्याला नव्हते. लालबाग-परळचा गिरणी कामगार म्हणजे काही पहिलीतला मुलगा नव्हे. पाळी बदलली की त्याचा वर्ग बुडे. एकाला गावी धाडावयाच्या मनिऑर्डरीचा फॉर्म भरता यावा असे वाटे, दुसऱ्याला पगाराची चिठ्ठी वाचता यावी असे. शिवाय पन्नाशीच्या माणसाने २९ जणांसमोर अक्षर चुकवावे, ही लाज लहान नव्हे.

गिरण्या गेल्या, निरक्षरता गेली नाही. २०२२ पासूनच्या ‘उल्लास’ योजनेत १५ वर्षांवरील निरक्षरांना स्वयंसेवकांनी शिकवावे अशी कल्पना आहे, आणि ती योग्यच आहे. मात्र निरक्षरांच्या सर्वेक्षणाचा बोजा शिक्षकांवर पडला. २०२३ मध्ये त्यांच्या संघटनांनी त्यावर बहिष्कार घातला, तो अगदीच निष्कारण नव्हता.

गिरगाव-दादरच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याकडे दोन, फार तर तीन प्रौढ सोपवावेत. शिकवणी चाळीतच, त्यांच्या सवडीने व्हावी. आरंभ विजेच्या बिलापासून करावा. अशाने परीक्षेला बसणाऱ्यांचे आकडे रोडावतील, हे उघड आहे. शासनाने ते रोडावू द्यावेत.