फेटे भाड्याने मिळतील

आमच्या शेलूच्या सोसायटीत दरवर्षी शिवजयंतीला एक 'ऐतिहासिक नाटुकलं' होतं. फेटे आणि तलवारी भाड्याने येतात, कुणाचा तरी स्पीकर येतो, आणि वीस मिनिटांत कुणीतरी धारातीर्थी पडतं. टाळ्या, वडापाव, समाप्त. या वेळी मी मीटिंगमध्ये म्हटलं, शेतकऱ्यांच्या एखाद्या बंडावर करूया की. लगेच उत्तर आलं, "ऐतिहासिक पाहिजे रे. आणि जरा पॉझिटिव्ह घे."

म्हणजे शेतकऱ्यांचं बंड हा इतिहासच नाही! आठवडाभर कर्जत लोकलमध्ये हेच डोक्यात घोळत होतं. आज शनिवार आहे, तर लिहूनच टाकतो.

माझं म्हणणं सरळ आहे. इतिहास म्हणजे गादीवर बसलेल्यांची गोष्ट, असं आपल्या ऐतिहासिक नाटकाने सुरुवातीलाच ठरवून टाकलं. आपण अजून तेच डिफॉल्ट सेटिंग चालवतोय.

जरा दोन तारखा शेजारी ठेवून बघा. १८५९ साली बंगालच्या शेतकऱ्यांनी नीळ पेरायला नकार दिला. गोरे मळेवाले त्यांना थोडी उचल द्यायचे आणि त्या बदल्यात कवडीमोल भावाने नीळ पेरून घ्यायचे. उचल काही फिटायची नाही, बापाचं कर्ज मुलाच्या डोक्यावर. बंड पेटलेलं असतानाच, १८६० साली, दीनबंधू मित्र यांचं 'नीलदर्पण' छापून आलं. हा माणूस टपाल खात्यात नोकरीला, म्हणजे सरकारचाच पगार खाणारा. नाटकावर स्वतःचं नाव घातलं नाही, पण लिहिलं. १८६१ साली रेव्हरंड जेम्स लाँग यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद छापवला म्हणून त्यांना एक महिना कैद आणि १००० रुपये दंड झाला. दंड कालीप्रसन्न सिंह यांनी भरला. १८७२ साली कलकत्त्यात नॅशनल थिएटर सुरू झालं तेही याच नाटकाने. १८७५ साली लखनौच्या प्रयोगात तोराप नावाचा शेतकरी गोऱ्या साहेबाला बडवतो तो प्रसंग आला, तेव्हा प्रेक्षकांतले इंग्रज सोल्जर थेट स्टेजवर चढले होते!

आता आपल्याकडे या. लाँगवर खटला चालला त्याच १८६१ साली विनायक जनार्दन कीर्तन्यांचं 'थोरले माधवराव पेशवे' आलं. मराठीतलं पहिलं स्वतंत्र ऐतिहासिक नाटक म्हणून त्याचा मान मोठाच आहे, मला तो कमी करायचा नाही. पण माधवराव थेऊरला वारले १७७२ साली. म्हणजे बंगालमध्ये नाटककार चालू वर्षाबद्दल लिहीत होता, आणि आपला ८९ वर्षांपूर्वीच्या मृत्यूबद्दल.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे तेव्हा बंड होतं कुठे? होतं ना. १२ मे १८७५, पुणे जिल्ह्यातलं सुपे. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं आणि कापसाचा भाव कोसळला, वर सरकारने शेतसारा वाढवलेला. शेतकरी बाजारात जमले आणि त्यांनी सावकारांची दप्तरं, कर्जरोखे जाळले. माणसांपेक्षा त्यांचा राग कागदांवर होता. पुणे आणि नगर जिल्ह्यांत लोण पसरलं, सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला आणि १८७९ साली कायदा करावा लागला. एका ठिणगीत आख्खं नाटक आहे! पण नावाजलेल्या मराठी ऐतिहासिक नाटकांची नावं आठवून बघा. पेशवे भरपूर, सुपे नाही.

दुसरा बचाव कायद्याचा. १८७६ साली नाट्यप्रयोगांवर बंदी घालता येईल असा कायदा आला, हे खरं. खाडिलकरांनी कर्झनवरचा राग 'कीचकवधा'त महाभारताच्या आड लपवला, तरी १९१० साली त्यावर बंदी आलीच. त्या पिढीला मी सलाम करतो. पण १८६१ साली तो कायदा नव्हता आणि १९४७ नंतर इंग्रज नव्हते. मग कारण काय?

कारण प्रेक्षक. तिकीट काढणारा वर्ग कर्ज घेणाऱ्यांचा नव्हता. सत्यशोधकी जलशांनी पुढे सावकार आणि शेतकरी दोघांनाही उभं केलं, पण ते गावच्या चावडीपुढे. 'नीलदर्पण'ही याला पूर्ण अपवाद नाही. त्यात मध्यभागी आहे ते बसूंचं खातंपितं घर, तोराप कडेला. इतिहासकार रणजित गुहांनी १९७४ साली नेमकं यावरच बोट ठेवलं. मान्य. पण कडेला का होईना, तोराप स्टेजवर होता. आमच्याकडे तो विंगेतही नाही.

आणि महाराजांबद्दल तर माझी तक्रार असूच शकत नाही. चिपळूणच्या छावणीतल्या घोडदळाने रयतेकडून काही ओरबाडू नये म्हणून त्यांनी खरमरीत पत्र लिहिलं होतं. आमच्या नाटुकल्यात महाराज असतात, ती रयत नसते.

हे सगळं मला का झोंबतंय? कारण आमची बिल्डिंग उभी आहे तिथे भाताची खाचरं होती. ती लावणारे काका आज आमच्या गेटवर रात्रपाळी करतात आणि मला "साहेब" म्हणतात. मी हप्ते भरणारा साधा इंजिनिअर, साहेब कसला! पण नाटक बघायला खुर्ची मला मिळते, ते गेटवर उभे असतात.

याच कर्जत तालुक्यात माथेरानचे भाई कोतवाल होऊन गेले. वकील माणूस. गरीब शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या काढल्या, मग आझाद दस्ता उभारून विजेचे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर ते आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. आपण त्यांची गोळी लक्षात ठेवतो, कोठी विसरतो. गोळीवर टाळ्या मिळतात. कोठी दाखवायची तर ती का लागली हे सांगावं लागतं.

असो. कमिटीला मी कळवलंय की पुढच्या २ जानेवारीला पार्किंगमध्ये अर्ध्या तासाचं वाचन करणार. विषय धान्यकोठी. काकांची तेवढा वेळ गेटवरची ड्युटी मी दुसऱ्या कुणाला तरी लावणार आहे, त्यांची खुर्ची पहिल्या रांगेत. वांगणी-शेलू-नेरळ पट्ट्यात कुणी असेल तर जरूर या. फेटे लागणार नाहीत.