पैसा बहुतांचा, मत कोणाचें?

अमेरिकेंत लॅरी पेज व सर्गे ब्रिन यांनीं 1998 सालीं गूगल कंपनी स्थापिली. धंद्यास अनेक शाखा फुटल्यावर 2015 सालीं 'अल्फाबेट' ही वरिष्ठ कंपनी काढून गूगल व इतर उद्योग तिच्या मालकीखालीं, पण वेगळ्या हिशेबानें ठेविले. जाहिरातींच्या उत्पन्नावर नवे प्रयोग पोसावयाचे व न फळलेले बंद करावयाचे, ही तिची रीत. आकाशांतील फुग्यांवरून इंटरनेट पुरविणारी 'लून' कंपनी 2021 सालीं अशीच बंद केली. बागाईत व जिराईत यांचा हिशेब एकत्र केल्यास तोटा कोठें होतो हें कळत नाहीं, हें जाणणाऱ्या शेतकऱ्यास यांतील शहाणपण पटेल.

दुसरी बाजू मात्र विचार करण्याजोगी आहे. अल्फाबेटच्या शेअरांचे तीन वर्ग आहेत: एकास एक मत, दुसऱ्यास दहा, तिसऱ्यास एकही नाहीं. दहा मतांचे बहुतेक शेअर संस्थापकांकडे असल्यानें पैसा बहुतांचा, पण अखेरचा शब्द दोघांचा, अशी स्थिति आहे. सहकारी संस्थेंत शेअर कितीही असोत, सभासदास मत एकच. आपल्या संस्था वाढाव्यात, हिशेबाची शिस्तही अवश्य घ्यावी. परंतु वाढीच्या मोहानें हें एक मत कोणीं गमावूं नये.