मॅडम, गाडी कुणासाठी?

जुनी मोटरसायकल बघायला एखादी बाई गेली, की विकणारा गाडीबद्दल चकार शब्द काढण्याआधी एक प्रश्न हमखास विचारतो, 'मॅडम, गाडी कुणासाठी?' मिस्टरांसाठी का? मुलाला वाढदिवसाची? 'माझ्यासाठीच' असं सांगितलं की तो हसतो आणि बरोबर आलेल्या पुरुषाकडे वळून इंजिनाची सगळी कुंडली त्याला सांगायला लागतो. त्या बिचाऱ्याला पिस्टन कशाशी खातात हेही माहीत नसतं. पण मान मात्र डोलावतो!

गेलं वर्षभर भाचीबरोबर फिरताना मी हे इतक्यांदा बघितलंय की आता हसूच येतं. भाची तिशीतली, नोकरी करणारी. तिला स्वतःच्या पैशांनी जुनी येझदी घ्यायचीय. येझदी हे नाव २०२२ मध्ये नव्या गाड्यांवर पुन्हा आलं. त्या शोरूममध्ये मिळतात, हप्त्यानेही मिळतात. पण हिला हवी ती म्हैसूरच्या कारखान्यातली, एका सिलिंडरला दोन सायलेन्सर असलेली, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारी. घरात यावर जेवढ्या चर्चा झाल्या त्या सगळ्यांचा शेवट एकाच वाक्यावर, 'अगं, तेवढ्या पैशांत छान नवी स्कूटर येईल की!'

मला आज लिहायचंय ते या 'येईल की' बद्दल.

बघा ना, एखाद्या काकांकडे जुनी बुलेट असते. दर रविवारी सकाळी ते बनियनवर बसून तिचे स्पोक पुसतात. महिन्यातून एकदा ती रस्त्यात बंद पडते आणि टेम्पोत बसून घरी येते. घरचे काय म्हणतात? 'यांना पहिल्यापासून हौस हो!' त्यात वैताग असतो, पण कौतुकही असतं. बाईच्या हौसेला मात्र उपयोगाचं सर्टिफिकेट लागतं. भरतकाम केलं तर त्याचा अभ्रा व्हावा, कुंड्या लावल्या तर कढीपत्ता निघावा, गाणं शिकली तर सोसायटीच्या गणपतीत मुलांचं बसवून द्यावं. व्यायामसुद्धा 'तब्येतीसाठी'. नुसतं आवडतं म्हणून, कुणाच्याही काहीही कामी न येणारी वस्तू बाईने लाखभर रुपये घालून आणावी, हे आपल्याला झेपत नाही. आपल्याला म्हणजे आपल्या सगळ्यांना. भाचीला सगळ्यात जास्त विरोध तिच्या आईने, म्हणजे माझ्या सख्ख्या बहिणीने केला! जुन्या मोटरसायकलमधून काही निघत नाही. निघालाच तर धूर. म्हणूनच मला हा हट्ट आवडला.

दुचाकी आणि बायका हे नातं आपल्याकडे काही नवं नाही. १९७२ साली लूना आली, पुढे कायनेटिक होंडा आली, आणि पुण्यासारख्या शहरात आमच्या आधीच्या पिढीच्या कितीतरी बायका त्यांच्यावर बसून नोकऱ्यांना गेल्या, क्लासेसना गेल्या, रात्री नाटकाहून एकट्या घरी आल्या. लूनाचे उपकार मानावेत तेवढे थोडे. पण आपल्याला जी गाडी विकली गेली ती कायम सोयीची गाडी म्हणून. वजनाला हलकी, बटण दाबलं की सुरू, पायाशी पिशवी मावेल अशी. गाडी म्हणजे गंमत, हे वाक्य दुसऱ्या कुणासाठी होतं. अलीकडे ते बदललंय. फक्त बायकांचा 'बायकर्नी' हा मोटरसायकल ग्रुप २०११ मध्ये आपल्या पुण्यातच सुरू झाला. आता हायवेवर बुलेट चालवणारी मुलगी दिसली तर कुणी गाडी थांबवून बघत नाही. मात्र चालवणं वेगळं आणि जुनी गाडी विकत घेणं वेगळं. तिथे अजून बाप्यांचंच राज्य आहे.

त्याचं कारण ताकद नाही, हे आधी सांगून टाकते. 'किक मारायला जोर लागतो हो' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की एका मिस्त्रींना विचारलंच. ते म्हणाले, जुन्या बुलेटला जोर लावणारा मूर्ख. हँडलवरचा डीकॉम्प्रेसरचा छोटा लिव्हर दाबायचा, अँपिअरमीटरचा काटा बघत पिस्टन नेमका जागेवर आणायचा, मग लिव्हर सोडून एक सरळ किक. ज्याला हे कळत नाही त्याच्या नडगीवर किक उलटी बसते, मग तो पैलवान का असेना. त्या जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला, म्हणजे नव्या गाडीच्या बरोबर उलटं. येझदीची गंमत आणखी वेगळी. तिची किक आणि गिअरचा दांडा एकच! डाव्या बाजूचा तो दांडा आत दाबून वर फिरवला की किक, गाडी सुरू झाली की पुढे आणला की गिअर. भाचीने पहिल्यांदा ते केलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे आलं, त्याचा उपयोग काय, ते मला काही सांगता येणार नाही.

अडतं ते माहितीपाशी. ही माहिती पुस्तकात कमी आणि टपरीवर जास्त. बाप मुलाला देतो, मिस्त्री गॅरेजातल्या पोऱ्याला देतो, मित्र मित्राला देतो. त्या साखळीत बाई नसतेच, त्यामुळे तिला फसवणं सोपं. भाचीने यावर साधा उपाय काढला. खरेदी राहू दे, आधी सहा महिने नुसतं बघायचं. शनिवारी मिस्त्रींकडे स्टूल टाकून बसायची. नाना पेठेतल्या स्पेअरच्या दुकानांत यादी घेऊन जायची, काय मिळतं आणि काय मिळत नाही ते लिहून ठेवायची. आणि एक सांगते, दलाल मंडळी जेवढी तोंडावर हसली तेवढे मिस्त्री कुणीही हसले नाहीत. शिकायला आलेलं माणूस त्यांना पटकन ओळखू येतं. बाई की बुवा, हा प्रश्न त्यांनी पहिल्या चहानंतर सोडून दिला.

तिथे शिकलेलं थोडं इथे सांगते, कारण उद्या तुमच्यापैकी कुणाच्या डोक्यात हे खूळ आलं तर?

सगळ्यात आधी कागद. इंजिन नंतर. इंजिन दुरुस्त होतं, कागद दुरुस्त होत नाहीत. आरसी बुकातला इंजिन नंबर आणि चासी नंबर गाडीवरच्या अंकांशी स्वतः ताडून बघायचा. अंक घासलेले, वाकडेतिकडे पुन्हा पंच केलेले वाटले तर तिथून नमस्कार करून निघायचं, गाडी कितीही देखणी असली तरी. 'मिलिटरी लिलावातली आहे, कागद येतील' असं कोणी म्हणालं तर कागद आल्यावर पैसे देऊ म्हणावं. आपल्याकडे नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर ५ वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते. म्हैसूरचा तो कारखाना १९९६ मध्ये बंद झाला, म्हणजे सगळ्यात धाकट्या येझदीचंही हे नूतनीकरण झालेलं असायला हवं. बऱ्याच गाड्यांचं ते झालेलं नसतं, आणि पुस्तकी आरसीवाल्या जुन्या गाड्या ऑनलाइन शोधल्या तरी दिसत नाहीत. त्यांची नोंद आरटीओत खेपा घालून करून घ्यावी लागते. त्या खेपा कोण घालणार, हे भावात धरायचं. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी आधी मागायची. आणि हो, स्वतःचं लायसन्सही काढून बघा. आपल्यापैकी अनेकींचं 'विदाउट गिअर'चं असतं. ते मोटरसायकलला चालत नाही.

दुसरं, चकाकीला भुलू नका. 'पूर्ण रिस्टोअर केलीय मॅडम' म्हणून जी गाडी दाखवतात, तिच्या रंगाखाली काय आहे ते बघायला फ्रिजवरचं मॅग्नेट पर्समध्ये टाकून न्या. टाकीवर, मडगार्डवर फिरवायचं. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, लांबी भरलीय. टाकीचं झाकण उघडून आत टॉर्च मारायची, गंज लगेच कळतो. इंजिनाला हात लावून बघायचा. आपण यायच्या आधीच ते गरम असेल तर गाडी सकाळी सहज सुरू होत नसणार. भाचीच्या मिस्त्रींचं मत असं, की धुळीत पडलेली पण सगळे मूळचे भाग जागेवर असलेली गाडी घ्यावी, रंग लावून नटवलेली घेऊ नये. मला ते पटतं. धूळ पुसता येते. हरवलेलं मूळचं हेडलाइटचं खोकं शोधायला मात्र वर्ष जातं.

'व्हिंटेज' या शब्दाचं तर इतकं पीक आलंय की १९९० सालच्या गाडीलाही तो चिकटवतात. केंद्र सरकारने २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांचे नियम केले. त्यात पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली आणि मूळ रूपात असलेलीच गाडी बसते. तिला 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो, पण मग ती रोज रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती, एवढ्यासाठीच. येझदी हे नाव १९७३ पासूनचं, त्यामुळे पहिल्यावहिल्या काही सोडल्या तर बाकीच्या या व्याख्येत बसतही नाहीत. रविवारी लवकर उठून खडकवासल्यापर्यंत जाऊन यायचं असेल तर साधी, नूतनीकरण झालेली नोंदणीच बरी. धुराबद्दल मात्र मी भाचीची बाजू घेणार नाही. टू-स्ट्रोक गाडी अर्धवट जळालेलं पेट्रोल आणि ऑइल हवेत सोडतेच. २००० नंतर प्रदूषणाचे नियम कडक होत गेले आणि अशा मोटरसायकली बाजारातून गेल्या, ते योग्यच झालं. रविवारपुरती ठेव, ऑफिसला नेऊ नकोस, असं मी तिला स्पष्ट सांगितलंय.

आता मुख्य गोष्ट. या शोधात आम्ही एकदा वाईला गेलो होतो. ओळखीतून कळलं होतं की एका जुन्या घरात जिन्याखाली येझदी पडून आहे. घरी काकू एकट्या. यजमानांना जाऊन सहा वर्षं झालेली. गाडीवर जुनी सतरंजी, वर पापडाचे डबे. काकू म्हणाल्या, 'भंगारवाला साडेचार हजार देतोय. तुम्ही पाच द्या आणि घेऊन जा बाई, जिना तरी मोकळा होईल.'

भाचीने मॅग्नेट फिरवलं, टॉर्च मारली, नंबर ताडले. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, नीट घडी घालून ठेवलेले. टाकी मूळची, दोन्ही सायलेन्सर मूळचे. मला तिचा श्वास ऐकू येत होता. मग ती म्हणाली, 'काकू, पाच हजारांत मी नाही घेणार. कागद असलेल्या अशा गाडीला लोक पन्नास-साठ हजार देतात. चालू करून विकलीत तर जास्तही.'

'साठ? अगं, ह्यांनी नवी घेतली तेव्हासुद्धा एवढी नव्हती!'

काकू बराच वेळ गाडीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, 'मग आत्ता नाही विकत. आधी माझ्या नावावर करून घेते.' आम्ही चहा पिऊन, रिकाम्या हाताने परत.

भाचीच्या ओळखीच्या एका संग्राहकाने हे ऐकून तिला वेड्यात काढलं. व्यवहार आहे, म्हणाला, समोरचा जे मागतो ते द्यायचं. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यांत असे किस्से तर पदकासारखे मिरवले जातात, 'जिन्याखालून पाच हजारांत उचलली!' ऐकणारे टाळ्या देतात. त्या किश्शांत जिना कुणाचा होता हे कुणी विचारत नाही. मी आता विचारायला लागलेय, आणि बहुतेक वेळा उत्तर एकच येतं. एखादी काकू, एखादी आजी. नवऱ्याची गाडी, तिची किंमत तिला कुणी कधी सांगितलेली नाही. या बाजारात बाई नाही असं म्हणतात ते खोटं आहे. ती आहे, विकणाऱ्याच्या बाजूला, आणि तिथेही व्यवहाराची माहिती तिच्यापर्यंत पोचलेली नाही. विकत घेणारीला कुणी मोजत नाही आणि विकणारीला कुणी सांगत नाही. हौस म्हणून या बाजारात उतरणाऱ्या बायका वाढल्या तर निदान दुसरी गोष्ट बदलेल, असं मला वाटतं.

तेव्हा तुमच्या जिन्याखाली, गोठ्यात, गच्चीवरच्या खोलीत अशी एखादी जावा, येझदी, राजदूत, आरएक्स १०० पडली असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी आरसी बुक शोधा. मालकाच्या निधनानंतर गाडी वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ असतो. नियमाने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत अर्ज करायचा. मुदत उलटून गेली असली तरी दंड भरून करता येतं. मृत्यूचा दाखला, आरसी, विमा आणि बाकीच्या वारसांची संमती एवढं बरोबर न्या. गाडी नावावर झाली की दोन वेगवेगळ्या मिस्त्रींना घरी बोलावून भाव विचारा. ते येईपर्यंत तिचा एकही भाग कुणाला 'नुसता बघायला' म्हणून काढून देऊ नका.