आजी-आजोबांना शाळेत बोलवा, पण सप्टेंबरात नको

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या पालकांना, शिक्षकांना आणि शाळा व्यवस्थापन समित्यांच्या सभासदांना जाहीर विनंती

गेल्या सप्टेंबरात आमच्या तालुक्यातल्या एका प्राथमिक शाळेत आजी-आजोबा दिवस साजरा झाला. त्या आठवड्यात गावात घरटी एक पोर तापाने फणफणत होतं. तरी आदल्या रात्री पालकांच्या ग्रुपवर निरोप आला : शंभर टक्के उपस्थिती हवी, आजी-आजोबांना सोबत आणावे, फोटो वर पाठवायचे आहेत. आजी-आजोबा आले. कुणी नातवाचा हात धरून चालत, तर कुणी वडापात दाटीवाटीने बसून. बाहेर पावसाची झड लागलेली, म्हणून हॉलच्या खिडक्या लावून घेतल्या होत्या. सतरंजीवर मांडीला मांडी लावून सगळे बसले. मुलांनी आजी-आजोबांचे पाय धुतले, कपाळाला गंध लावलं, तोंडासमोर निरांजन धरून खोकत खोकत ओवाळलं. मग ज्या हाताने आत्ताच नाक पुसलं होतं, त्याच हाताने त्यांना पेढा भरवला.

त्या सतरंजीवर माझी चुलती होती. वय एकाहत्तर, साखरेचा त्रास जुना. तिसऱ्या दिवशी तिला कसकस वाटू लागली, सहाव्या दिवशी धाप लागली. मिरजेला नेलं. तिथून ती परत आली नाही.

शाळा आजाराकडे कशा बघतात हे तुम्हाला सांगायला नको. तापाचं औषध पाजून वर्गात बसवलेलं पोर तुम्हीही पाहिलं आहे आणि पूर्ण हजेरीसाठी वाटलेलं प्रशस्तिपत्रही पाहिलं आहे. त्यावर वेगळं पत्रक काढावं लागेल. इथे मला एकाच प्रथेबद्दल बोलायचं आहे : साथीच्या ऐन दिवसांत म्हाताऱ्या माणसांना बंद खोलीत मुलांसमोर रांगेने बसवायचं आणि त्याला आदर म्हणायचं.

मुळात ही तारीख आली कुठून? राज्यातल्या शाळांनी आजी-आजोबा दिवस साजरा करावा अशी सरकारी सूचना २०२३ मध्ये निघाली, तीत १० सप्टेंबर ही तारीख होती. ही तारीख अमेरिकेच्या दिनदर्शिकेतली आहे. तिथे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी कामगार दिन असतो आणि त्यानंतरचा पहिला रविवार हा आजी-आजोबांचा. तसा ठराव तिथल्या संसदेने १९७८ मध्ये केला. २०२३ साली तो रविवार १० सप्टेंबरला आला होता. अमेरिकेत सप्टेंबर म्हणजे उन्हाळा सरून हवा कोरडी आणि सुखाची होण्याचे दिवस. तिथला फ्लू ऑक्टोबरनंतर डोकं वर काढतो आणि डिसेंबर ते फेब्रुवारीत भरात असतो. म्हणजे त्यांनी त्यांच्या म्हाताऱ्यांसाठी निवडलेला दिवस त्यांच्या हवेला धरून आहे. आपण तो उचलताना आपल्या आभाळाकडे बघितलंच नाही. आपल्याकडे तेव्हा पाटण-जावळीत पाऊस असतो, माण-खटाव आणि जत-आटपाडीकडे तर वर्षातला भरवशाचा पाऊसच सप्टेंबरातला. दारं-खिडक्या बंद, कपडे ओले आणि वर्गात खोकल्याचा गजर.

महाराष्ट्रात फ्लू वर्षातून दोनदा चढतो : जुलै ते सप्टेंबर आणि जानेवारी ते मार्च. आरोग्य खात्यातल्या कुणालाही विचारा, हेच महिने सांगेल. आजी-आजोबा दिवस पहिल्या चढात येतो. दुसऱ्या चढात स्नेहसंमेलन येतं आणि संक्रांतीचं हळदीकुंकू येतं, ज्यात आया आणि आज्या वर्गात दाटीने बसतात. मुद्दाम वेळापत्रक आखूनही म्हाताऱ्यांसाठी याहून वाईट महिने सापडले नसते.

साधी सर्दी आहे, एवढा बाऊ कशाला, असं ज्यांना वाटतं त्यांनी २०१७ चे आकडे वाचावेत. त्या एका वर्षात राज्यात स्वाइन फ्लूचे ६,१४४ रुग्ण नोंदले गेले आणि त्यातले ७७८ दगावले. देशभरात त्या वर्षी २,२७० माणसं गेली, म्हणजे तीनातला एक मृत्यू आपल्या राज्यातला होता. आणि हे फक्त तपासणी झालेले. ज्यांच्या घशाचा स्वॅब कुणी घेतलाच नाही ते या हिशेबात नाहीत.

शाळेत फ्लू किती वेगाने फिरतो हे पाहायला परदेशात जायला नको, आपल्याच पाचगणीत जाऊ. २००९ साली २४ जून ते ३० जुलै या काळात तिथल्या एका निवासी शाळेत साथ आली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ती तपासली. शाळेत सगळे मिळून ४१५ जण. त्यांतल्या २९५ जणांना फ्लूसारखी लक्षणं झाली, म्हणजे शंभरात ७१. ती निवासी शाळा होती, मुलं रात्रंदिवस एकत्र राहत होती, त्यामुळे आपल्या गावच्या शाळेत वेग थोडा कमी असेल हे मी मान्य करतो. पण ७१ चे ३५ धरले तरी चाळीस मुलांच्या वर्गात चौदा जण होतात. त्या चौदांना लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासूनच विषाणू बाहेर पडू लागतो आणि मोठ्या माणसांपेक्षा मुलांच्या नाकातोंडातून तो जास्त दिवस पडत राहतो. ‘आजारी मुलांना घरी ठेवा, बाकीच्यांना येऊ द्या’ हा तोडगा त्यामुळेच लंगडा पडतो. कोण बाकीचं आहे हे त्या सकाळी कुणालाच कळत नाही.

यावर एक हुशार प्रश्न हमखास येतो : २००९ च्या स्वाइन फ्लूत तर तरुणच जास्त दगावले, म्हातारे कुठे गेले होते? खरं आहे. तो विषाणू १९५७ च्या आधी फिरणाऱ्या विषाणूंच्या जवळचा होता, त्यामुळे वयस्कांच्या अंगात थोडी जुनी प्रतिकारशक्ती शिल्लक होती. पण एच३एन२ नावाचा त्याचा भाऊबंद आहे, तो नेमका म्हाताऱ्यांवर उलटतो. २०२३ च्या मार्चमध्ये शेजारच्या कर्नाटकात, हासनमध्ये, त्याने घेतलेला बळी ८२ वर्षांचा होता. दरवर्षीच्या साध्या फ्लूने जगात श्वसनविकार होऊन २,९०,००० ते ६,५०,००० माणसं जातात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यात वयस्कांचा वाटा मोठा आहे.

आता माझ्या चुलतीच्या दाखल्यावर काय लिहिलं होतं ते सांगतो. ‘हृदयविकार’. खोटं नव्हतं ते. कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतातल्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये दाखवून दिलं की फ्लूचं निदान झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हार्ट अटॅकचा धोका सहापट वाढतो. ताप येतो, रक्त घट्ट होतं, आधीच अरुंद झालेली नळी तुंबते. गावात लोक म्हणतात, वय झालं होतं, हार्टने गेली. शाळेच्या कार्यक्रमाचा आणि त्या मृत्यूचा धागा कुणाच्या ध्यानात येत नाही, कुठे नोंदला जात नाही. म्हणून मुख्याध्यापक छातीठोकपणे सांगू शकतात की आमच्याकडे कधी काही झालं नाही. तुम्ही मोजलंत कधी? कार्यक्रमानंतर दहा दिवसांनी एकाही घरी जाऊन विचारलंत?

‘आजी-आजोबा तर त्याच घरात राहतात, पोराचा खोकला त्यांना तसाही लागणारच’ हा युक्तिवाद मला सर्वांत जास्त चीड आणतो, कारण तो शहाणपणाचा आव आणून येतो. घरात एका किंवा दोन नातवंडांचा खोकला असतो. हॉलमध्ये दीडशेंचा असतो. घरी आजी पोराला पडवीत झोपवू शकते, आपण लांब बसू शकते, दार उघडं ठेवू शकते. हॉलमध्ये तिला उठून जाता येत नाही, कारण नातू हिरमुसला चेहरा करून बघतो आणि बाई माइकवरून नाव पुकारतात. शिवाय ती घरी परतते तेव्हा तिथे दम्याचे आजोबा अंथरुणाला खिळलेले असतात, त्यांना कुणी निमंत्रण दिलेलं नसतं.

आणि या दोन जिल्ह्यांत आजी म्हणजे फक्त आजी नाही. विटा-खानापूरकडचे गलाई व्यवसायात गेलेले कुटुंबकर्ते देशभर विखुरले आहेत. जावळी-पाटणची माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत माथाडी आहेत. जत-आटपाडीची जोडपी कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. मागे पोरं कोण सांभाळतं? आजी. शाळेचा डबा, गृहपाठ, रेशन, आधार कार्ड, सगळं तिच्या हाती. ती गेली की त्या पोराची शाळाच सुटते. तिला सन्मानाच्या नावाखाली धोक्यात घालणारी शाळा आपल्याच हजेरीपटावरचं नाव खोडायची तयारी करत असते.

कुणी म्हणेल, आजीच्या बटव्यात काढा आहे की. काढ्याने घसा शेकतो, हळदीच्या दुधाने बरं वाटतं, मीही घेतो. पण मधुमेही बाईच्या छातीत न्यूमोनिया शिरला की बटवा हात टेकतो. लस घ्या म्हणावं तर फ्लूची लस सरकारी सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात नाही. खाजगीत ती विकत घ्यावी लागते, तीही दरवर्षी. किती आज्यांना ती मिळाली आहे हे आपल्या गल्लीत विचारून बघा.

शाळकरी मुलं आणि म्हातारी माणसं यांच्यातलं हे नातं जपानने सर्वांत नेमकं दाखवलं. १९६२ पासून तिथे शाळेतल्या मुलांना फ्लूची लस दिली जायची, पुढे १९७७ मध्ये ती सक्तीची झाली. १९८७ मध्ये सक्ती सैल झाली, १९९४ मध्ये कार्यक्रमच थांबला. मग संशोधकांनी मृत्यूंचा हिशेब मांडला : मुलांना लस दिल्यामुळे वर्षाला ३७,००० ते ४९,००० मृत्यू टळत होते, म्हणजे ४२० मुलांना टोचलं की एक जीव वाचत होता. वाचलेले बहुतेक वयस्क होते. लस मुलांना आणि प्राण आजी-आजोबांचे. याचा उलटा अर्थ आपल्या शाळांनी नीट वाचावा. वर्गातला फ्लू आजीपर्यंत पोहोचायचा रस्ता खुला ठेवला की आजी मरते, आणि आपण तर तो रस्ता पताका लावून सजवतो.

मग आदर दाखवायचाच नाही का, नातवंडांनी आजी-आजोबांना भेटायचं नाही का? भेटायलाच हवं. म्हातारपणी एकटेपणा खाऊन टाकतो, गावातही टाकतो. नातवाने शाळेत हात धरून नेलं की आजोबा महिनाभर तेच सांगत बसतात, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच हा दिवस बंद करा असं मी म्हणत नाही. तो हलवा. दिवाळीनंतर, नोव्हेंबरच्या शेवटापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत हवा कोरडी असते, दुपारी ऊन असतं, फ्लू खाली असतो. २५ नोव्हेंबरला यशवंतराव चव्हाणांची पुण्यतिथी असते, कराडकडच्या शाळांत तेव्हा कार्यक्रम असतातच. ११ डिसेंबर ही कोयनेच्या भूकंपाची तारीख. १९६७ च्या त्या पहाटे पाटण तालुक्यात जे जागे झाले, ते आज सत्तरीच्या घरात आहेत. घर कसं हललं, रात्री कुठे काढल्या, हे त्यांच्या तोंडून ऐकायला मिळणं कुठल्याही संगीत खुर्चीहून मोलाचं आहे. माणदेशातल्या आज्यांना १९७२ च्या दुष्काळातली सुकडी आणि खडी फोडण्याची कामं आठवतात. मैदानात बसवा त्यांना, मोकळ्या हवेत. रयत शिक्षण संस्थेच्या बोधचिन्हातच वटवृक्ष आहे, म्हणजे झाडाखालच्या शाळेचं महत्त्व सातारकरांना कुणी बाहेरून येऊन शिकवायची गरज नाही. पेढा आजीच्या हातात द्या, ती स्वतः खाईल. पाय धुण्याऐवजी तिची गोष्ट ऐका. आणि ज्या घरून ‘यायला जमत नाही’ असा निरोप येईल, त्या पोराला वर्गासमोर उभं करून कारण विचारू नका.

हे सगळं करायला वरचा आदेश लागत नाही. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सभासद पालक असतात. म्हणजे बहुमत आपलं आहे आणि ते आपण वापरत नाही. जुलैच्या सभेत ठराव मांडा. शब्द एवढेच पुरेत : ‘जुलै ते सप्टेंबर आणि जानेवारी ते मार्च या महिन्यांत साठ वर्षांवरील व्यक्तींना बोलावून बंदिस्त जागेत सामूहिक कार्यक्रम घेतला जाणार नाही. आजी-आजोबा दिवस डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात मैदानावर घेतला जाईल. उपस्थिती ऐच्छिक राहील.’ सूचक-अनुमोदकाची नावं इतिवृत्तात लिहून घ्या, सही झालेली एक प्रत केंद्रप्रमुखांकडे द्या, एक शेजारच्या गावच्या समितीला धाडा. मुख्याध्यापक म्हणाले की अहवालात फोटो लागतात, तर त्यांना सांगा की डिसेंबरच्या उन्हातले फोटोही अहवालाला चालतात.