आधी ओळंबा, मग कॅमेरा



हल्ली बहुतेक मोबाइलमध्ये पॅनोरमा घेण्याची सोय असते. सहलीला गेलेली मुले हात लांब करून मोबाइल फिरवतात आणि लांबच लांब चित्र तयार होते. मौजेपुरते हे ठीक आहे. परंतु इंदूरमधील एखाद्या जुन्या वाड्याचा चौक कायमची नोंद म्हणून टिपायचा असेल, तर ही पद्धत चालणार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कारण सोपे आहे. नाकासमोर बोट धरा आणि डोळे आळीपाळीने मिटा. बोट मागच्या भिंतीवर सरकल्यासारखे दिसते. यालाच मराठीत पराशय म्हणतात. आम्ही हिंदी माध्यमात शिकलो, तेथे त्याला लंबन म्हणत. कॅमेरा तिपाईच्या स्क्रूभोवती फिरतो, पण त्याचा ‘डोळा’ बहुधा स्क्रूच्या पुढे असतो. डोळा म्हणजे भिंगात समोरून पाहिल्यावर आत छिद्र दिसते ती जागा. हा डोळा ८ सेंटिमीटर पुढे असेल, तर कॅमेरा ३० अंश वळवताना तो सुमारे ४ सेंटिमीटर सरकतो. त्यामुळे १ मीटरवरचा खांब २ अंशांहून अधिक हललेला दिसतो. १०० मीटरवरची इमारत मात्र एका अंशाच्या जेमतेम चाळिसाव्या भागाइतकी.

म्हणूनच दुरून राजवाडा घेताना थोडी ढिलाई खपते, वाड्याच्या चौकात खपत नाही. तेथे खांब हाताशी आणि ओसरी त्यांच्या मागे.

काही जण म्हणतील, सॉफ्टवेअर सगळे जुळवून घेते, मग एवढा खटाटोप कशाला? सॉफ्टवेअर सांधा लपवते, सत्य सांगत नाही. एका खांबाचे दोन होतात, नाही तर एखादा गायब होतो. वाडा पडल्यावर ते छायाचित्रच साक्षीदार. उद्याचा विद्यार्थी त्यातच खांब मोजणार आहे.

उपाय खर्चिक नाही. दोन काठ्या घ्या, एक १ मीटरवर आणि दुसरी बरीच दूर, पण कॅमेऱ्यातून एकामागे एक दिसतील अशा. मग कॅमेरा उजवीकडे वळवा. जवळची काठी दूरच्या काठीच्या डावीकडे सरकली, तर कॅमेरा पट्टीवर मागे घ्या. उजवीकडे सरकली, तर पुढे. दोन्ही जागच्या जागी राहिल्या की पट्टीवर खूण करा. झूम बदलला की ही जागाही बदलते, म्हणून प्रत्येक झूमची खूण वेगळी. तिपाई समतल असावी आणि शेजारच्या दोन छायाचित्रांत तिसरा हिस्सा समान यावा.

मोबाइल असेल तर भिंगाखाली दोरीचा ओळंबा सोडा, फरशीवर खडूने खूण करा आणि ओळंबा त्या खुणेवरून हलू न देता स्वतः त्याभोवती फिरा.

आमचे सांगणे एवढेच, की शाळेने महागडे उपकरण घेण्याआधी मुलांच्या हाती काठ्या आणि ओळंबा द्यावा. वर्गात शिकवलेली भूमिती चौकात उतरेल, आणि आपल्या वाड्यांची नोंदही खरी राहील.